घुशींची पाठवणी

बेलखारच्या बांधाचा मुकादम होऊन हसुराम ठाकूरला यंदा एकवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्याचं कुणाशी वाकडं आलं नव्हतं. माणसांशी तर नाहीच, कारण माणसं त्याचं ऐकायची आणि ऐकणाऱ्या माणसाशी हसुरामचं छान जमायचं. वैर होतं ते फक्त घुशींशी.

बांध मातीचा. दोन पुरुष उंच आणि साडेतीन किलोमीटर लांब. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि जिताडा माशांची तळी. खारं पाणी आत येऊ नये म्हणून कुण्या खापरपणजोबांनी तो घातला आणि तेव्हापासून गाव त्याची डागडुजी करत आलं. त्या कामाची रीतही ठरलेली. तिला जोळ म्हणतात. घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर हजर राहायचा. आजारी असलात तर भाऊ पाठवा, भाऊ नसेल तर बायको पाठवा, पण घर गैरहजर राहता कामा नये.

घुशीला मात्र जोळ माहीत नाही. भात पिवळं झालं की ती लोंब्या तोडून बांधात नेते. तिथं तिची कोठारं, बाळंतिणीची खोली, आणि पुढचं एक नि मागचं एक अशी दोन दारं. उधाणाचं पाणी चढलं की एका दारातून आत शिरतं नि दुसऱ्या दारातून शेतात उतरतं. सुरुवातीला धार अंगठ्याएवढी असते. तासाभरात त्या जागी बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडतं. त्याला खांड म्हणतात. खांड गेली की त्या शेतात तीन वर्षं भात होत नाही. त्यात गेल्या वीस वर्षांत समुद्रच वीतभर वर चढलेला, म्हणजे उधाणाला आता बांधाचा माथा फार लांब राहिला नव्हता.

गावानं काय केलं नव्हतं? मडक्यात मिरच्या जाळून बिळात धूर भरला, तर घूस मागल्या दारानं शिंकत निघून गेली. बिळात पाणी ओतलं, तर बांधच आतून भिजला. खणून काढायला जावं, तर घुशीनं पाडलं त्याच्या चौपट भोक माणसांनी पाडलं. एक वर्ष विषाच्या गोळ्या टाकल्या. घुशी मेल्या थोड्या, घुबडं मेली सगळी, आणि तळ्यात जिताडे उताणे तरंगले. त्या खेपेला हसुरामची बायको वनिता त्याच्याशी आठ दिवस बोलली नव्हती. विष मग जोळीनंच बंद केलं.

आणि मग डॉक्टर तन्वी वर्तक आल्या. डॉक्टर म्हणजे सुया टोचणाऱ्या नव्हेत, बिळात राहणाऱ्या प्राण्यांच्या. गाव त्यांना मॅडम म्हणू लागलं. मॅडमनी आधी बांधाच्या पोटात, हातभर खोल, केसासारखी बारीक काचेची तार पुरली. तारेतून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठिपका सोडायचा. माती जिथं हलेल तिथून परत येणारा प्रकाश किंचित बदलतो, आणि तो बदल मोजून यंत्र सांगतं की अमुक ठिकाणी, अमुक फूट खोल, कुणीतरी खणतंय. हसुरामनं पहिल्यांदा पडद्यावर बांध पाहिला तेव्हा तो गपकन खाली बसला. साडेतीन किलोमीटरभर लाल ठिपके वळवळत होते.

"एवढ्या?" त्यानं विचारलं.

"अकराशेच्या वर," मॅडम म्हणाल्या. "आता खरी गंमत पुढं आहे. आपल्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. घूस त्याच्या वर बोलते. भ्याली की बावीस हजारांच्या आसपास एक लांब हाक देते. खेळताना, पोट भरल्यावर, पन्नास हजारांच्या वर चिवचिव करते. उंदरांचं हे पूर्वीपासून माहीत होतं. घुशीची बोली आम्ही गेल्या सहा वर्षांत गोळा केली."

"भोंगे लावून बगितले आमी. बाजारात मिलतात ते. चार दिसांत घुशी त्याच्यावर चढून बसल्या."

"कारण भोंगा सारखा ओरडतो. खोटं बोलतो हे त्यांना कळतं." मॅडमनी हातभर लांबीचा एक खिळा दाखवला, टोकाशी बारीक जाळी असलेला. "असे हजार खिळे बांधात ठोकायचे. घूस कुठं आहे ते तार सांगणार. तिच्या मागच्या बिळातला खिळा दुसऱ्या घुशीच्या आवाजात भीतीची हाक देणार, एकदाच. पुढच्या बिळातला खिळा सुखाची चिवचिव करणार. ती चार पावलं पुढं सरकली की पुन्हा तसंच. आपण स्वतःच्या मनानं निघालो असंच तिला वाटतं."

"म्हंजे आमच्या निवडणुकीसारखं," हसुराम म्हणाला, आणि मॅडम खो खो हसल्या.

तंटा झाला तो एकाच गोष्टीवरून. मॅडमचं म्हणणं, काम खाडीच्या टोकाकडून सुरू करायचं. म्हणजे घुशी गावाकडच्या टोकाला येतील. तिथं डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी खंदक आणि पिंजरे तयार ठेवले होते. पण गावाकडच्या टोकाला बांधदेवाचा धोंडा आहे. जोळीचा नारळ तिथं फुटतो, पहिलं फावडं तिथं पडतं आणि काम तिथून खाडीकडं सरकत जातं. खापरपणजोबांपासून हे असंच.

"तसं केलंत तर घुशी खाडीकडं जातील," मॅडम म्हणाल्या.

"जाऊ द्या. बुडतील."

"घूस पोहते, मुकादम. आणि ओहोटीला टोकाशी खाडीत गुडघाभरसुद्धा पाणी नसतं. पलीकडे—"

"मॅडम, तुमचं मशीन तुमी चालवा. बांध कुठनं धरायचा ते मना शिकवू नका."

पलीकडे काय, ते हसुरामला ठाऊक नव्हतं असं थोडंच? पलीकडे नवखार होतं, त्यांचा बांध होता, आणि त्या बांधाला लागून निळ्या पत्र्याचं घर होतं. त्या घरात त्याची एकुलती एक लेक दर्शना चार वर्षांपूर्वी दिली होती. पण माणूस हट्टाला पेटला की त्याला समोरचं निळं छप्परही दिसत नाही. मॅडमनी आपला आक्षेप वहीत लिहून ठेवला आणि माघातल्या एका तिन्हीसांजेला, नारळ फुटल्यावर, यंत्र धोंड्यापासून सुरू झालं.

तीन संध्याकाळी लागल्या. कानाला काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावरचे लाल ठिपके तेवढे शाळा सुटल्यासारखे खाडीकडं सरकत होते. तिसऱ्या दिवशी अख्खा बांध पडद्यावर काळाकुट्ट, शांत दिसला. गावानं मुकादमाला खांद्यावर घेतलं. रिकाम्या बिळांतून निघालेलं भात पोत्यांनी भरलं, बिळं चोपून बुजवली आणि कोंबड्यांची चैन झाली. हसुराम आठ दिवस असा चालत होता, जणू घुशींची बोली त्यानंच शोधून काढली.

नवव्या दिवशी सकाळी दर्शनाचा फोन आला.

"आबा, तुमच्या घुशी आल्यात."

"आमच्या कशावरनं? घुशी काय नाव लिवून फिरतात?"

"एकीच्या कानाला बिल्ला आहे. बेलखार, सत्तेचाळीस नंबर."

मॅडमनी मोजणीसाठी काही घुशींना बिल्ले लावले होते, हे हसुराम साफ विसरला होता.

"मी मॅडमना फोन केला होता," दर्शनाचा आवाज आता बारीक झाला. "खाडीकडनं सुरू करायचं म्हणत होत्या ना त्या? तुम्ही ऐकलं नाहीत. आबा, बांधाच्या मागंच माझं तळं आहे. चार वर्षं वाढवलेले जिताडे आहेत त्यात. होळीच्या उधाणाला खांड गेली तर सगळं खाडीत जाईल. या होळीला मी येत नाही. बांधावर बसायला कुणीतरी पाहिजे."

फोन ठेवल्याचा आवाज आला. वनिता चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "गेली का आपली होली?"

ओहोटी लागली तसा हसुराम चिखल तुडवत नवखारला गेला. व्याही जगन्नाथ पाटलांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, वनिताची तब्येत विचारली. घुशींचं नावही काढलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हसुरामला वाटलं.

दर्शना त्याला बांधावर घेऊन गेली. जागोजागी ताज्या मातीचे ढिगारे. बेलखारचं कोठार मागं राहिलेलं, पोटात भूक आणि मुलूख नवा, त्यामुळं घुशी चौपट खणत होत्या.

"हात घाला," एका बिळाशी बसून ती म्हणाली.

त्यानं हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, गाल मातीला टेकला, तरी बोटांना शेवट लागला नाही. खाली कुठंतरी गार वारा बोटांना लागत होता, म्हणजे बीळ आरपार खाडीपर्यंत गेलं होतं. गाल मातीला टेकलेला असतानाच त्याला रडू आलं. बिळात हात असताना रडणारा तो बहुधा पहिलाच मुकादम असेल.

"बाय, चुकलो मी," तो म्हणाला.

दर्शनानं त्याचा हात धरून त्याला उठवलं, पण होळीला येते असं काही म्हणाली नाही.

होळीला अठरा दिवस होते. मॅडम यंत्र नवखारला लावायला एका पायावर तयार होत्या. प्रश्न होता घुशी पाठवायच्या कुठं.

"नवखारच्या गावाकडच्या टोकाला शाळा आहे आणि वस्ती आहे. तिकडं नाही पाठवता येणार," त्या म्हणाल्या. "आणि पिंजरे तरी किती पुरणार? मुकादम, मारून घूस आजवर कुणाला संपवता आलेली नाही. दहा मारल्या की उरलेल्या जास्त पिल्लं घालतात. त्यांना राहायला एक जागा द्यायची आणि त्या जागेच्या बाहेर पडू द्यायचं नाही, हे मात्र जमेल. मधोमध मातीचा उंच ढीग. भोवती खिळ्यांचं कडं. बाहेरच्या बाजूला भीती, आत सुख. दाणा मोजका असला की पिल्लंही मोजकीच राहतात. घुबडांसाठी खांब उभारले की उरलेलं काम ती करतात. पण अशी जागा देणार कोण?"

बेलखारच्या जोळीची बैठक देवळासमोर भरली. हसुरामनं उभं राहून सगळं सांगितलं. मॅडमचं आपण ऐकलं नाही हेही सांगितलं. एकवीस वर्षांत त्याच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

मग परशुराम म्हात्रे उठला. त्याची बांधालगत पाच एकर शेती, आणि जीभ तिखट. "आमचा बांध शंबर वर्सांत पयल्यांदा साफ झाला. आनि आता घुशी परत आनायच्या? जोल आपल्या बांधाची हाय, नवखारची नाय. लेकीसाठी गाव बुडवतोस काय?"

"लेकीसाठीच करतोय," हसुराम म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पन चूक माजी हाय, म्हनून जागा बी माजी. खाडीच्या टोकाचं माजं शेत, तीस गुंठे. ढीग तिथं घालतो. पयल्या वर्सी दाना माज्या कनगीतला. पुढं त्या शेतात पिकंल ते त्यांचं. टोकाच्या बांधावरनं त्यांना आत यायला तेवढी वाट द्या, दुसरं काय नको."

"घुशी पोसनारा मुकादम आमाला नको."

"मग मुकादमकी तू घे, परशा."

बैठक उठली. हो कुणी म्हणालं नाही, पण नाहीही कुणी म्हणालं नाही, आणि बेलखारात याचा अर्थ काय होतो ते हसुराम एकवीस वर्षांत शिकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात ढीग घालायला दोघंच होती, हसुराम आणि वनिता. वनितानं पदर खोचला आणि पहिली पाटी उचलली. "पोरीला दिली तवा बी एवढं राबला नाय तुमी," ती म्हणाली. "घुशींना घरजावई करून घेताय म्हटल्यावर बघा कसा जोर आलाय." हसुरामला किती दिवसांनी हसू आलं.

नऊच्या सुमाराला बांधावरून परशुराम येताना दिसला. त्याच्या खांद्यावर फावडं होतं.

"मुकादम म्हनून आलोय," तो म्हणाला. "काम सरल होतंय का बगायला. हा ढीग वाकडा घातलायस." आणि तो खणायला लागला. मुकादमच कामाला उतरला म्हटल्यावर मग घरटी एक माणूस यायला किती वेळ लागतो? दुपारपर्यंत चाळीस फावडी चालत होती. पलीकडच्या बांधावर नवखारची जोळही खिळे ठोकत होती. बेलखारच्या बांधातले अर्धे खिळे उपटून ओहोटीच्या वेळी चिखलातून डोक्यावर वाहून नेले, आणि दोन गावांची फावडी एका कामाला लागल्याचं म्हाताऱ्यांना कधी आठवत नव्हतं. या खेपेला यंत्र कुठल्या टोकाकडून सुरू करायचं ते मॅडमनी ठरवलं. नारळ परशुरामनं ढिगावर फोडला.

होळीच्या पाच दिवस आधी, ऊन कलल्यावर, पाणी ओसरलं आणि खाडीचा तळ उघडा पडला. मॅडमनी चिखलातसुद्धा खिळ्यांची रांग रोवली होती. दोन्ही बांधांवर माणसं मुकाट बसून होती. आधी एक घूस उतरली. थांबली, हवा हुंगली, चार पावलं पुढं आली. तिच्या मागून दोन, मग दहा, आणि मग चिखलच हलायला लागला. मधल्या पाण्यात काळी डोकी ओळीनं पोहत आली, अलीकडे चढली, अंग झाडलं आणि टोकाच्या वाटेनं बांध ओलांडून हसुरामच्या शेतात शिरली. ढिगावर भात पसरलेलं होतं. काही तर तिथंच बसून खायला लागल्या. आयांनी पिल्लं तोंडात धरून आणली होती. ज्यांच्याशी एकवीस वर्षं वैर केलं त्यांना हसुराम श्वास रोखून मोजत होता, आणि मागं कुणी राहू नये असं त्याला मनापासून वाटत होतं.

राहिलेल्या पाच-पंचवीस पुढच्या दोन संध्याकाळी आल्या. तिसऱ्या दिवशी नवखारनं बिळं चिखलानं चोपून बंद केली.

होळीच्या दिवशी सकाळी उधाण आलं. पाणी दोन्ही बांधांच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं. हसुराम अलीकडच्या टोकावर उभा होता, पण डोळे पलीकडे. तिथं निळ्या पत्र्यासमोर, बांधावर, दर्शनाची साडी दिसत होती. तास गेला, दीड तास गेला. कुठून धार फुटली नाही. मग पाणी एक बोट उतरलं, दोन बोटं उतरलं, आणि पलीकडून कुणीतरी आनंदानं आरोळी ठोकली. हसुराम होता तिथंच बसला. फोन करावा असं मनात आलं, पण केला नाही. आपण काही मागावं असं आपण काय केलंय, असं त्याला वाटलं.

दुपारी ओहोटीला एक बाई हातात चपला धरून, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, खाडीतून सरळ चालत येताना दिसली. वनितानं ती हसुरामच्या आधी ओळखली आणि कळशी घेऊन बांधावर धावली. दर्शनाचे चिखलाचे पाय धुताना ती एकीकडं रडत होती आणि एकीकडं, एवढ्या उन्हाचं यायचं का, म्हणून रागावत होती.

"कुठं आहेत?" पोळी खायच्याही आधी दर्शनानं विचारलं.

हसुराम तिला ढिगापाशी घेऊन गेला. मॅडमनी त्याला कानात घालायची दोन बोंडं देऊन ठेवली होती. घुशींचा आवाज यंत्र सोळा पट सावकाश करून त्यातून ऐकवायचं. त्यानं एक तिच्या कानात घातलं आणि एक आपल्या. दोघं बांधाच्या उतारावर बसली. ढिगाच्या पोटातून चिवचिव येत होती, मधूनच थांबणारी, पुन्हा सुरू होणारी. पांघरुणात शिरून पोरं खुसखुसतात तशी.

दर्शना बराच वेळ ऐकत होती. "आमच्याकडे होत्या तेव्हाही मॅडमनी ऐकवलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा ह्यातलं काहीच नव्हतं. नुसती खणण्याची खरखर."

"तिथं परक्या होत्या बाय, काय बोलतील?"

"मीपण होते की. पहिली दोन वर्षं." ती ढिगाकडंच बघत होती. "रोज संध्याकाळी बांधावर येऊन इकडं बघत बसायचे. तुम्ही इथं टोकावर उभे राहून माणसांवर ओरडत असायचात, ते ऐकू यायचं. बरं वाटायचं."

चार वर्षं हसुराम रोज या टोकावर येत होता, आणि निळं छप्पर आहे जागेवर, म्हणजे लेक सुखात आहे, असं समजून घरी जात होता. एवढा बांध राखणारा माणूस, आणि हे एक त्यानं कधी विचारलंच नव्हतं. ते आता त्यानं विचारलं.

"आनि आता, बाय? आता कसं हाय तिकडं?"

दर्शनानं मान वळवून पलीकडे पाहिलं. नवखारची माणसं अजून बांधावरून फिरत होती, बिळांची तोंडं तपासत होती.

"आता तो माझा बांध आहे, आबा," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्यावर एवढी चिडले."

हसुरामनं मान हलवली. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला फार बरं वाटलं. भरती लागायला अजून वेळ होता. वनिता घरातून पोळ्या गार होतायत म्हणून हाका मारत होती, आणि दोघं तशीच बसून ऐकत राहिली.